माझ्याकडे तर नीट दिसतंय!

वर्गणी थकल्याचं पत्र आलं की सज्जन माणूस ते न उघडता टीव्हीखालच्या खणात ठेवतो आणि विसरून जातो. यंदा मात्र आमच्या वाचनालयाच्या पत्रांची सबंध पेठेत चर्चा झाली. पत्राची सुरुवातच अशी होती : ‘श्री. ???????? यांस, स. न. वि. वि.’

रक्कम बरोबर होती, तारीख बरोबर होती, खाली चिटणिसांची सही नेहमीइतकीच अवाचनीय होती. नाव आणि पत्ता तेवढा प्रश्नचिन्हांत होता. पत्ताच कळेना म्हटल्यावर शिपाईमामांनी सगळा गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि ‘ज्याचं त्यानं ओळखून घ्यावं’ असं जाहीर करून ते जेवायला गेले.

माणसं खरोखर ओळखू लागली. प्रश्नचिन्हं मोजायची आणि आपल्या नावाशी ताडून पाहायची, अशी पद्धत कोणीतरी काढली. पण त्यातही भानगड निघाली. देशपांडे म्हणजे तुमच्याआमच्या दृष्टीनं चार अक्षरांचा गृहस्थ. संगणकाच्या हिशेबात द वेगळा, त्याची मात्रा वेगळी, मग श, मग प, काना, अनुस्वार, ड आणि पुन्हा मात्रा. एकूण आठ. कुलकर्ण्यांना सोडवून बसलं तर तेही आठच भरतात. त्यामुळे तमाम देशपांड्यांनी कुलकर्ण्यांची पत्रं उघडली आणि कुणाची किती थकलीय, हे पेठेला प्रथमच अधिकृतपणे कळलं. जोशी, लेले आणि बापट चार चिन्हांवर अडून भांडत होते. ओक तेवढे दोन प्रश्नचिन्हांत आटोपत असल्यामुळे त्यांचं पत्र त्यांना बिनचूक मिळालं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पंचाहत्तरी ओलांडलेले एक सभासद पत्र फडकावतच आत आले. “मी कोण, हा प्रश्न मला आयुष्यभर पडलेला आहे,” ते चिटणिसांना म्हणाले, “पण तो मी पहाटे देवापुढे बसून विचारतो. वाचनालयानं तो मला साडेचारशे रुपयांसाठी विचारायचं काय कारण?”

कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली. तातडीची म्हणजे चहा यायच्या आधी.

मी पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो, ही गोष्ट मी वाचनालयात वर्षानुवर्षं लपवून ठेवली होती. ती फुटली की माणसाला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला बोलावतात. पण अध्यक्षांना सुगावा लागलाच.

“तुम्ही त्यातलेच ना?”

“त्यातला म्हणजे मी वरवरचा. बटण कुठे असावं, हिरवं असावं की निळं, एवढंच बघतो.”

“मग बघा की.”

वस्तुस्थिती अशी आहे की ऑफिसात मला डेटाबेसच्या आसपास फिरकू देत नाहीत. मी लांबून जरी गेलो तरी तिथली मुलं खुर्च्या सरकवून पडद्याआड बसतात. पण ‘नाही जमणार’ हे दोन शब्द ज्याला वेळेवर सुचत नाहीत, त्याच्यासाठीच सार्वजनिक संस्था जन्माला आलेल्या असतात. मी चौकशी अधिकारी झालो.

चौकशी सोपी होती, कारण सगळ्यांची जबानी एकच होती. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “माझ्या पडद्यावर नावं नीट दिसतायत.” पत्रं जिथून छापली त्या जुन्या संगणकावर बसणारे चिटणीस म्हणाले, “गेल्या वर्षापर्यंत माझ्याकडे नीट दिसत होतं.” हे सगळं सॉफ्टवेअर उभं करणारा अध्यक्षांचा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. त्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

“काका, माझ्याकडे तर नीट दिसतंय,” तो म्हणाला. मग थोडा वेळ कळफलकाचा खडखडाट ऐकू आला. “हां. काका, दोष लायब्ररीचा आहे.”

चिटणीस ताडकन उठले. “लायब्ररीचा? शंभर वर्षांची संस्था आहे ही!”

“ती नाही हो काका. ओआरएम लायब्ररी.”

“ही कुठली? कसब्यातली का?”

ती कसब्यातली नव्हती. ओआरएम म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘सभासद’ नावाच्या एका वस्तूशी बोलायचं असतं, डेटाबेसला फक्त ओळी आणि रकाने कळतात. दोघांचं थेट बोलणं होत नाही, म्हणून मध्ये हे गृहस्थ. पूर्वी लग्नं जुळवणारे मध्यस्थ असत, तसे. मुलाकडे जाऊन सांगायचं, मुलगी गृहकृत्यदक्ष आहे. मुलीकडे जाऊन सांगायचं, मुलगा निर्व्यसनी आहे. आणि दोन्ही घरांनी समोरासमोर बसून एकमेकांना काही विचारू नये, एवढी दक्षता घ्यायची. या मध्यस्थाच्या वहीत प्रत्येक रकान्यापुढे खुणा केलेल्या असतात. त्यांना फ्लॅग म्हणतात. हा आकडा आहे का? रिकामा ठेवला तर चालेल का? आणि सगळ्यांत नाजूक प्रश्न : हा वाचायचा मजकूर आहे, की नुसते बाइट?

पायथॉनवाल्यांचा एसक्यूएल-अल्केमी नावाचा नावाजलेला मध्यस्थ आहे. त्याच्या वहीत बरीच वर्षं ‘कन्व्हर्ट युनिकोड’ नावाची खूण होती आणि तिची उत्तरं तीन होती : हो, नाही आणि ‘फोर्स’. नुसतं हो म्हणून भागलं नाही तर दरडावण्याची सोय असावी, हा त्यामागचा विचार. पुढे १.३ आवृत्तीत या खुणेला निवृत्तीची सूचना मिळाली. दरडावणाऱ्यांना ती सगळीकडे मिळाली असती तर किती बरं झालं असतं!

आता मजकूर काय आणि बाइट काय, यात एवढं नाजूक काय आहे? सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक हे दोघे न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवायला बसले असताना कागदी टेबलमॅटवर यूटीएफ-८ नावाची पद्धत आखली गेली. जगातलं कुठलंही अक्षर बाइटांत कसं मांडायचं, ते तिनं ठरवलं. साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन. म्हणजे स्मिथ पाच बाइटांत झोपतो आणि आमच्या देशपांड्यांना चोवीस लागतात. एवढं करूनही त्या बाइटांच्या अंगावर ‘आम्ही यूटीएफ-८ आहोत’ असं कुठंही लिहिलेलं नसतं. देणाऱ्यानं ते सांगायचं, घेणाऱ्यानं विचारायचं. प्रत्यक्षात देणाऱ्याला वाटतं, ‘यात सांगण्यासारखं काय आहे?’ घेणाऱ्याला वाटतं, ‘विचारलं तर अडाणी दिसू.’ माणसांच्या जगात या अवस्थेला समजूतदारपणा म्हणतात.

आमच्या वाचनालयात हा समजूतदारपणा कित्येक वर्षं सुखानं नांदत होता. मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळचा स्वीडनचा. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ८.० आवृत्ती येईपर्यंत तो सगळा मजकूर लॅटिन-१ मधला धरायचा आणि स्वीडिश क्रमानं लावायचा. डोक्यावर टिंबं आणि कडी असलेली स्वीडिश अक्षरं झेडच्या मागे बसवायची असतात, हे तो कटाक्षानं पाळायचा. ळ कुठे बसतो, हे त्याला आमच्यापैकी कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला गेलं तर आमच्यातच एकमत झालं नसतं.

तर व्हायचं असं. सभासद नोंदणीचं पान नाव यूटीएफ-८ मध्ये पाठवायचं. डेटाबेसला वाटायचं, लॅटिन आलं. देशपांड्यांऐवजी तो चोवीस युरोपीय चिन्हं मनोभावे जपून ठेवायचा. मागितली की तीच चोवीस चिन्हं परत द्यायचा. पान ती पुन्हा यूटीएफ-८ समजून वाचायचं आणि पडद्यावर सगुण साकार देशपांडे उभे राहायचे. जाताना एक चूक, येताना तीच चूक उलटी, दोन्ही मिळून बाकी शून्य. कोणाचा कोणाला त्रास नाही. आपल्याकडच्या कितीतरी संस्था याच तत्त्वावर रौप्यमहोत्सव साजरे करतात.

अशा ठिकाणी फक्त एकाच गोष्टीची भीती असते : एखादा प्रामाणिक माणूस येण्याची.

तो आला. अध्यक्षांचा भाचा. त्यानं जुना मध्यस्थ काढून नवा आणला आणि नव्यानं डेटाबेसला पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं, ‘माझ्याशी यूटीएफ-८ मध्ये बोल.’ डेटाबेसनं आज्ञा पाळली. त्याच्याकडची चोवीस युरोपीय चिन्हं त्यानं इमानदारीनं यूटीएफ-८ मध्ये भाषांतरित करून दिली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी संगणक उघडला तर सगळ्या सभासदांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले इंग्रजी ए रांगेनं उभे. प्रत्येक ए-नंतर एकतर चार कोपऱ्यांना पाय फुटलेला एक गोल, नाहीतर जपानी येनचं चिन्ह.

“अध्यक्षांच्या भाच्यानं जपानी पुस्तकं मागवलीत का?” मॅडमनी मला विचारलं.

मी त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत बसलो. काम सुचत नव्हतं हे एक कारण, पण पाहता पाहता मला एक शिस्त दिसली. देवनागरीचा पट्टा यूटीएफ-८ मध्ये मधोमध दुभागतो. पहिल्या अर्ध्या भागात स्वर, व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी. दीर्घ वेलांटीपासून पुढे उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण दुसऱ्या अर्ध्यात. पहिल्या भागाच्या वाट्याला तो पायवाला गोल येतो, दुसऱ्याच्या वाट्याला येन. म्हणजे ऱ्हस्व वेलांटीला गोल आणि दीर्घ वेलांटीला येन! मराठी माणसाला शाळेपासून पेन्शनीपर्यंत जे जमलं नाही, ते या कचऱ्यानं बिनचूक पाळलं होतं. मी हा शोध मॅडमना उत्साहानं सांगितला. त्या म्हणाल्या, “छान. आता यातला बापट कोणता ते सांगा.”

भाच्यानं उपाय केला, आणि तो शास्त्रोक्त होता. मजकुराचा रकाना आधी नुसत्या बाइटांचा म्हणून जाहीर करायचा, म्हणजे डेटाबेस आपली अक्कल चालवायची थांबवतो. मग तेच बाइट यूटीएफ-८ म्हणून पुन्हा जाहीर करायचे. नावं जागच्या जागी उमटली. पेढे आले. फक्त चिटणिसांच्या खोलीतला तो जुना संगणक कोणाच्या लक्षात आला नाही. त्यावर पत्रं छापण्याचा जुना प्रोग्रॅम होता आणि तो अजूनही डेटाबेसला ‘मी लॅटिनवाला’ अशीच ओळख देत होता. डेटाबेसनं लॅटिनमध्ये द शोधला. नाही. मात्रा शोधली. नाही. लॅटिनमध्ये जे सापडत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकायचं, अशी रीत आहे. थकबाकीची ती सगळी पत्रं त्या रीतीतून निघाली होती.

इथवर काहीही बिघडलेलं नव्हतं. प्रश्नचिन्हं फक्त कागदावर होती, आत नावं ठणठणीत होती. मी तसं बैठकीत सांगून टाळ्याही घेतल्या. पण चिटणीस कर्तव्यदक्ष.

“मी रात्री बसून सगळी कार्डं एकेक उघडून पाहिली,” ते म्हणाले.

“कोणत्या संगणकावर?”

“माझ्याच. प्रत्येक कार्डावर प्रश्नचिन्हं. म्हणून प्रत्येक कार्ड सेव्ह करून मगच बंद केलं. उगाच आणखी बिघडायला नको.”

फोनवरचा भाचा बराच वेळ काही बोलला नाही. आधीच्या त्या येनवाल्या अवतारातून नाव परत आणता येतं, कारण सगळे बाइट कुठेतरी जिवंत असतात. प्रश्नचिन्हातून नाव परत येत नाही. बॅकअप? तो घेतला जातो, असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी दाखल-खारीज रजिस्टर माळ्यावरून काढलं, झुरळं झटकली आणि मॅडमनी तोंडाचा पदर न काढता सगळी नावं पुन्हा टंकली.

भाच्यानं आता पक्कं करायचं ठरवलं. डेटाबेसच्या पोटात अक्षरसंच ठरवणाऱ्या सात वेगवेगळ्या जागा आहेत : एक ग्राहकाची, एक जोडणीची, एक निकालाची, एक सर्व्हरची, शिवाय आणखी तीन. प्रत्येकीत वेगळं उत्तर असू शकतं. आमच्या कार्यकारिणीतही सात सदस्य आहेत, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. सातही जागा एका मतावर आणून झाल्यावर भाचा म्हणाला, “आता शोधही काटेकोर करतो काका. अक्षरन् अक्षर, बाइटन् बाइट जुळला तरच नाव सापडेल.” त्यानं नावाच्या रकान्याची तुलना बायनरी केली. आणि खुणांनी सूड घेतला.

मायएसक्यूएल प्रत्येक रकान्याबरोबर खुणांची एक बेरीज धाडतो. रिकामा चालणार नाही, याचा १. मुख्य किल्ली आहे, याचे २. ब्लॉब आहे, याचे १६. बायनरी आहे, याचे १२८. आता फोटोच्या रकान्याला १२८ लागतात, कारण फोटो म्हणजे नुसते बाइट. आणि काटेकोर तुलनेच्या नावालाही तेच १२८ लागतात, कारण तुलना बाइटांनी होते. पुढे आणखी गंमत : लांबलचक मजकूर आणि फोटो या दोघांचा प्रकार-क्रमांकही एकच, २५२. खरा भेद शेजारच्या एका आकड्यात असतो. अक्षरसंचाचा क्रमांक ६३ असेल तर ते बाइट, नसेल तर मजकूर. हे माहितीपुस्तकात स्पष्ट छापलेलं आहे. पण माहितीपुस्तक वाचून मग काम करणारा मध्यस्थ लग्नाच्या बाजारात टिकत नाही. आमच्या मध्यस्थानं १२८ पाहिले आणि ‘सभासदाचं नाव’ हा फोटो आहे असं ठरवून टाकलं.

पायथॉन बाइट छापताना आधी एक इंग्रजी बी छापतो, मग अवतरणचिन्ह, मग प्रत्येक बाइटासाठी एक उलटी तिरकी रेघ, एक एक्स आणि दोन खुणा. देशपांड्यांचे बाइट चोवीस. प्रत्येकी चार चिन्हं, वर बी आणि दोन अवतरणं. एकूण नव्व्याण्णव. नवी ओळखपत्रं छापून आली तेव्हा देशपांडे कार्डाच्या उजव्या कडेवरून घरंगळून मागच्या बाजूला गेले होते.

एक बाई कार्ड घेऊन आल्या. “माझ्या नावाआधी ‘बी’ कशाला? आमच्या यांचं नाव एस-वरून आहे.”

“ते सगळ्यांनाच आहे वहिनी.”

“सगळ्यांच्या यांचं?”

चिटणीस पुस्तकांच्या कपाटामागे गेले.

बायनरी तुलनेनं आणखी एक घर मोडलं. मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी. क्षीरसागर आडनावाची माणसं बालवाडीपासून हजेरीत शेवटच्या ओळीत बसून मोठी होतात आणि त्यातून त्यांना एक प्रकारचा तटस्थपणा येतो. संगणकाच्या दृष्टीनं क्ष म्हणजे पाय मोडलेला क आणि पुढे ष. त्यामुळे नव्या यादीत कुलकर्णी, केळकर, कोल्हटकर झाले की लगेच क्षीरसागर, आणि मग खरे. नवं पुस्तक आलं की यादीच्या क्रमानं द्यायचं, हा आमचा नियम. आयुष्यात प्रथमच एका क्षीरसागरांना कोरी कादंबरी पान न दुमडलेली मिळाली. ते ती परत करायला तयार नाहीत. म्हणतात, “नियम बदलला तर कोर्टात जाईन.”

एवढ्यात अभिप्रायाचा रकाना गप्प झाला. पूर्वी रोज पाच-सात तक्रारी यायच्या : पंखा आवाज करतो, दिवाळी अंक अध्यक्षांच्या घरून परत येत नाहीत. आता मॅडमना बहुतेक कोरेच अभिप्राय दिसू लागले. मॅडम खूश होत्या. भाचा नव्हता.

कारण असं निघालं. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावानं जे मिळतं ते पुरतं यूटीएफ-८ नाही. त्यात तीन बाइटांपर्यंतचीच अक्षरं मावतात. चार बाइटांसाठी २०१० मध्ये वेगळं ‘एमबी-४’ आणलं गेलं. नावांच्या रकान्याला भाच्यानं ते दिलं होतं, अभिप्रायाला द्यायचं राहिलं होतं. देवनागरी तीन बाइटांत बसते, म्हणून एरवी कुणाला कळलं नसतं. पण मोबाइलवरून लिहिणारा मराठी माणूस हात जोडल्याचं चित्र काढल्याशिवाय तक्रारीला हात घालत नाही, आणि ते चित्र चार बाइटांचं. आमचा डेटाबेस सैल मांडणीत चालत असल्यामुळे चार बाइटांचं काही आलं की तिथून पुढचं सगळं गुपचूप कापून टाकत होता. जे आधी नमस्कार करत होते त्यांची तक्रार नमस्कारातच संपत होती. ज्यांनी थेट ‘लाजा वाटत नाहीत का’ने सुरुवात केली, त्यांची तेवढी पूर्ण पोचत होती.

“म्हणजे सभ्य माणसांचं ऐकूच जात नव्हतं?” मी विचारलं.

“काका, हे फक्त आपल्याच डेटाबेसमध्ये होतं असं नाही,” भाचा म्हणाला. मुलगा हुशार आहे.

एमबी-४ सगळीकडे लागू केलं तर ईमेलचा रकाना २५५ अक्षरांवरून १९१ वर आला, कारण जुन्या पद्धतीत अनुक्रमणिकेला ७६७ बाइटच मिळतात आणि त्यांना आता चारांनी भागायचं. १९१ अक्षरांपेक्षा लांब ईमेल आमच्यात कोणाचा नाही. तरी एका सदस्यानं ‘ही कपात सभासदांना विश्वासात न घेता झाली’ असा निषेध नोंदवलाच.

या सगळ्या धुमश्चक्रीत एकाच यादीला ओरखडा उठला नाही : जुन्या पुस्तकांची. १९९१ साली आपल्या देशानं इस्की नावाचं मानक पक्कं केलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि आमच्या डीटीपीवाल्यांनी दोन्हींकडे पाठ करून आपापले फॉन्ट धरले. त्या काळात ती यादी कृतिदेवमध्ये टंकलेली. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहायचं तर कळा दाबायच्या ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट लावला की मराठी, काढला की ईजेकेबीएच. डेटाबेसच्या दृष्टीनं ती पहिल्यापासून अस्सल, निष्कलंक इंग्रजी. लॅटिनमध्ये ठेवा, यूटीएफ-८ मध्ये ठेवा, बाइट म्हणा, मजकूर म्हणा, सगळ्या तपासण्यांत ती पहिली आली. ती आता कोणाला वाचता मात्र येत नाही, कारण तो फॉन्ट ज्या संगणकावर होता तो भंगारात गेला. भाच्यानं तपासणीच्या अहवालात लिहिलं : ‘या यादीत एकही दोष आढळला नाही.’

यथावकाश सगळं जुळलं. जुना संगणक गेला, खुणा लागल्या, मध्यस्थ ६३ क्रमांक पाहायला शिकला. वार्षिक सर्वसाधारण सभेत भाच्यानं भिंतीवर पडदा लावला आणि वाचनालयाच्या इतिहासात प्रथमच थकबाकीदारांची यादी शुद्ध, ठसठशीत, काना-मात्रा-वेलांटीसह झळकली.

सभागृहात शांतता पसरली. यादीतली पहिली पाच नावं कार्यकारिणीची होती.

“हे इतकं स्पष्ट दिसायची गरज आहे का?” खजिनदारांनी विचारलं.

तेवढ्यात आमचे एक वकील सभासद उठले. यादीत त्यांचं नाव होतं, मोठ्या रकमेसह. “अध्यक्षमहाराज, ही थकबाकी अॅडव्होकेट साहेबांची आहे. माझा संबंध नाही.”

“तुम्हीच ॲडव्होकेट ना?”

“मी ॲडव्होकेट आहे. यादीत आहेत ते अॅडव्होकेट.”

सभेनं डोळे चोळले. दोन्ही एकच दिसत होते. भाचा पडद्याजवळ गेला, मग संगणकाजवळ, आणि कसंनुसं तोंड करून परत आला. मराठीतल्या या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत, स्वतःची जागा मिळाली. त्याआधी लोक अ टंकून त्यावर चंद्र चढवत. दिसायला तंतोतंत सारखे, आतून एक अक्षर विरुद्ध दोन. युनिकोडच्या नियमांनुसारही ती एकमेकांची रूपं मानली जात नाहीत. वकीलसाहेबांची सभासदत्वाची कार्डं दोन होती. थकबाकी जुन्यावर, पावत्या नव्यावर.

“दिसायला सारखे आहेत हे मी मान्य करतो,” वकीलसाहेब म्हणाले, “पण दिसणं हा पुरावा होत नाही. डेटाबेसची साक्ष घ्या. बाइटन् बाइट जुळल्याशिवाय माणूस तोच धरायचा नाही, हा तुमचाच ठराव.”

भाच्यानं मान खाली घालून सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या ते दोन वेगळे इसम आहेत. टाळ्या पडल्या. वकीलसाहेब बसले. चहा आला. त्या गडबडीत अध्यक्ष हळूच भाच्याकडे सरकले. मी शेजारीच होतो.

“अरे, माझ्या नावात असं दोन तऱ्हांनी लिहिण्यासारखं काही आहे का?”

“नाही मामा. तुमचं नाव अगदी सरळ आहे.”

“एकसुद्धा जागा नाही?”

“तसं म्हटलं तर एक शून्य रुंदीचं अक्षर असतं. दोन अक्षरांच्या मध्ये टाकलं तर दिसत नाही, पण असतं. नाव वेगळं धरलं जातं.”

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

“मग ते एकट्या माझ्याच नावात नको टाकूस, बरं दिसत नाही. सगळ्या कार्यकारिणीला टाक.”